ढोलकीवाल्याचं वेगळं पान

दिलसुखनगरच्या त्या इंटरनेट कॅफेत दुपारी कुणी नसायचं. कोचिंगची मुलं वर्गात असायची, पंखा संथ फिरायचा, आणि पडद्यावर एकेक पान उघडायला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात मी भलतीकडेच पोचलेली असायचे. खाली रस्त्यावर मोबाइलच्या नव्या दुकानांचे लाउडस्पीकर चालू असायचे. वर निळसर उजेडात बसून मी माझ्या मामावर लेख लिहीत होते.

मामा ढोलकी वाजवतो. सिकंदराबादच्या रेल्वे क्वार्टरांत मराठवाड्यातून आलेली आमची जी घरं आहेत, त्यांतल्या काही जणांची मिळून एक गायन पार्टी आहे. जयंतीला, गृहप्रवेशाला, बारशाला ते गातात. कॅसेटींचा जमाना होता तेव्हा त्यांच्या कॅसेटी पार नांदेड-परभणीपर्यंत जायच्या. पुढे सीडी आल्या, मग त्याही खपेनाशा झाल्या, पण गाणं थांबलं नाही. मुख्य गायकाला सगळे उस्ताद म्हणतात. इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात या पार्टीवर कुणीतरी एक छोटा लेख लिहिलेला होता. त्यात मामा एका ओळीत होता, तीही शेवटची.

मला ती एक ओळ पुरेना. लहानपणी मामाच्या सरावाच्या आवाजात मी पुस्तकावर डोकं टेकून झोपून जायचे, आणि झोपेतही तो ठेका चालू राहायचा. वाटायचं, घराखालून पाणी वाहतंय आणि आम्ही सगळे हळूहळू कुठेतरी चाललोय. असा माणूस एका ओळीत कसा मावेल? आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. शाळा तेलुगू माध्यमाची, त्यामुळे मराठी लिहिताना अजून चाचपडते. तरी धीर करून मी मामाच्या नावाचा वेगळा लेख टाकला.

काही दिवसांनी लेखाच्या चर्चापानावर प्रश्न आला. विचारणारे ज्ञानकोशाचे जुने संपादक होते, सांगलीकडचे निवृत्त शिक्षक. "ताई, कलाकाराविषयी आदर आहे. पण पार्टीबाहेर यांचं स्वतंत्र काम कोणतं? ते नसेल तर हा मजकूर पार्टीच्या लेखात घालावा." उत्तर लिहायला मला सगळी दुपार लागली. ते माझे मामा आहेत, हे आधी सांगितलं. मग लिहिलं, थोडा वेळ द्या, विचारून सांगते.

मामा कुकटपल्लीच्या कारखान्यातून नुकताच आला होता. हाताला अजून ग्रीसचा वास होता.

"मामा, पार्टीबाहेर तू काय काय केलंस?"

"पार्टीबाहेर?" त्यानं खरंच विचार केला. "पंप जोडतो की."

"तसं नाही. वाजवण्यातलं."

"वाजवण्यातलं पार्टीबाहेर कसं असंल, बाई? नुसती ढोलकी कोण ऐकतंय? शेजारचे भांडाया येतील."

पण मी लेख छापून आणला होता तो कागद त्यानं मागून घेतला. वर मोठ्या अक्षरांत त्याचं नाव होतं. त्यानं त्यावरून हलकेच बोट फिरवलं, आणि रविवारी सरावाला जाताना कागद खिशात घातला.

त्यानंतर सरावाचा निरोप येईनासा झाला. जयंती तोंडावर आलेली. मामा संध्याकाळी ढोलकी मांडीवर घ्यायचा, कड्या ओढायचा, पुन्हा सैल सोडायचा, वाजवायचा नाही. मग कळलं की उस्ताद दुसरा ढोलकीवाला बघतायत.

"तू काय लिहिलंस गं असं?" आईनं विचारलं. मी वाचून दाखवलं. तिनं कपाळाला हात लावला. आमच्याकडे पोस्टरवर नाव एकट्या गायकाचं छापतात, पुढे 'आणि पार्टी'. वादकाचं नाव वर मोठ्या अक्षरांत दिसलं की समजायचं, तो फुटला, त्यानं आपली वेगळी पार्टी काढली. हे मला माहीत होतं. पडद्यावरचं पानही कुणी तसंच वाचेल, हे मात्र डोक्यात आलं नव्हतं.

मामा जायला तयार नव्हता. "मी गेलोच नाही कुठं, तर परत काय जाऊ?" एवढंच म्हणायचा. शेवटी मीच त्याला घेऊन गेले.

उस्ताद दारात खुर्ची टाकून बसले होते. बस म्हणाले नाहीत.

"मोठा झालास. आनंद आहे," ते म्हणाले. "पार्टी काढलीस तर सांगायचं तरी. मी काय नक्को म्हणलो असतो?"

"कोणती पार्टी, उस्ताद? गाणारं कोण आहे माझ्याकडं? ही? हिला साधी आरोळी सुरात मारता येत नाही."

आत घरात उस्तादांच्या बायकोला हसू फुटलं. ते स्वतः हसले नाहीत.

"काका, तिथं ज्याचं त्याचं वेगळं पान असतं," मी चाचरत सांगितलं. "नदीचं असतं, गावाचं असतं."

"असंल. पण हा वाजवतो कुणासाठी, ते त्यात हाय का? मी वाचलं, पोरी. ह्याचा जन्म हाय, शाळा हाय, कारखाना हाय. तीस वर्षं मी ह्याच्याकडं न बघता गातोय. कुठं श्वास घ्यायचा ते ह्याचा हात सांगतो. ते कुठाय?"

मामा जमिनीकडे बघत होता. मला वाटलं, मी ज्ञानकोशाच्याच चर्चापानावर उभी आहे. सांगलीचे गुरुजी जे विचारत होते, तेच इथे उलट्या बाजूनं विचारलं जात होतं.

मी कॅफेत जाऊन चर्चापान उघडलं. तिथं गुरुजींचा नवा मजकूर होता. त्यांनी खपून एक जुनं मासिक शोधलं होतं, त्यात मामाच्या वादनावर पाऊण पान होतं. "माझा आक्षेप मागे घेतो. लेख स्वतंत्र ठेवावा."

मी ते दोनदा वाचलं. मग लिहिलं, "सर, तुमचे आभार. पण मजकूर पार्टीच्या लेखातच घालावा, अशी माझी विनंती आहे. घरी विचारलं." त्यांना नवल वाटलं असणार. "जशी तुमची इच्छा, ताई," एवढंच त्यांनी लिहिलं, आणि मामाच्या नावाचं पान पार्टीच्या लेखाकडे वळवून दिलं. पार्टीच्या लेखात मी मामावर एक मोठा भाग लिहिला, गुरुजींच्या मासिकाच्या आधारानं. उस्तादांच्या श्वासाचं मात्र तिथं लिहिता आलं नाही. त्याला संदर्भ नव्हता.

तो भाग छापून मी उस्तादांकडे पोचवला, आणि सरावाचा निरोप आला. जयंतीला मामा उस्तादांच्या डाव्या हाताला बसून वाजवत होता.

त्याला वेगळं पान हवं होतं का, ते मला अजून ठरवता येत नाही. कागदावरून फिरलेलं ते बोट आठवलं की वाटतं, हवं होतं. एका दुपारी मी त्याला कॅफेत नेलं. एका बोटानं त्यानं स्वतःचं नाव टाइप केलं. पान सावकाश उघडत गेलं, आणि वर पार्टीचं नाव आलं.

मामा पुढे वाकून बघत राहिला. "इथंच आलो की," तो म्हणाला, आणि खाली उस्तादांवरच्या ओळी वाचायला लागला.