शेट्टींच्या बारमध्ये आई

लालबागच्या आमच्या चाळीच्या जागी टॉवर उभा राहिला आणि घराचा ताबा मिळाला, तेव्हा माझ्या भावाने, प्रशांतदादाने, पुण्याहून फोन करून सांगितलं की भाडेकरू तयार आहे, रविवारपर्यंत हो किंवा नाही कळवा. मी नाशिकला राहते. बाबा गेल्यापासून आई माझ्याकडे असते. दादाला घर भाड्याने द्यायचं होतं. मला ते ठेवायचं होतं, कारण नोकरीतून लवकर मोकळं होऊन आईला घेऊन तिथे परत राहायला जायचं, हे मी बरीच वर्षं मनात घोळवत होते. आईला विचारलं तर म्हणाली, आधी बघून येऊया. म्हणून शुक्रवारची रजा टाकली आणि आम्ही दोघी निघालो.

जाणाऱ्यांसाठी आधीच सांगते, लालबाग-परळला स्वतःची गाडी नेऊ नका. पार्किंग शोधण्यात अर्धा दिवस जातो. नाशिकहून दादरला एसटीच्या चांगल्या बसेस आहेत. कसारा घाटात धुकं होतं, भिवंडीच्या पुढे नेहमीसारखे ट्रक अडकले होते, तरी जेवणाच्या वेळेला दादरला उतरलो. स्टेशनपासून चालत जाता येईल असं एक जुनं लॉज आधीच ठरवलं होतं. खोली लहान, चादरी स्वच्छ, गरम पाणी फक्त सकाळी. आईने खिडकी उघडली, खालचा फुलबाजाराचा आवाज ऐकला आणि परत लावून घेतली. तिला पडायचं होतं. मला दम नव्हता. मी तिला तासाभरात बाहेर काढलं.

पहिला दिवस गिरगावसाठी ठेवला होता. माझी पहिली नोकरी ठाकूरद्वारजवळच्या एका ऑफिसात, त्यामुळे तिथल्या खाण्याच्या जागा मला पाठ होत्या. आता दादरहून भुयारी मेट्रोने थेट गिरगावला उतरता येतं. थंडगार गाडी, सरकते जिने, आणि वर आलं की एकदम तोच घामट रस्ता. दिशा कळायला मला जरा वेळ लागला, याचा राग आला.

पहिल्यांदा इराण्याकडे गेले. कोपऱ्यावरचं हॉटेल, संगमरवरी टेबलं, ब्रून पाव आणि चहा. पगाराच्या दिवशी आम्ही चौघी मैत्रिणी तिथे खिमा खायचो. तिथे आता चष्म्यांचं शोरूम होतं. काचेतून पाहिलं तर फरशी मात्र तीच, काळ्या-पांढऱ्या चौकड्यांची. पुढच्या गल्लीतलं खानावळवजा हॉटेल, जिथे वालाची उसळ मिळायची, तिथे कुरिअरचं ऑफिस. कॅसेटचं दुकान, शिलाई मशीन दुरुस्त करणारे काका, फणसपोळी आणि कुळथाचं पीठ विकणारं कोकणी दुकान, सगळं गेलेलं. दोन ठिकाणी तर इमारतच नव्हती, निळे पत्रे होते. मी एका जागेवरून दुसऱ्या जागेकडे जवळजवळ पळत होते, जणू उशीर केला तर पुढचंही बंद होईल. आई मागून सावकाश येत होती. मी प्रत्येक दारापुढे थांबून इथे काय होतं ते सांगायची, ती मान हलवायची.

शेवटी एका बंद शटरच्या पायरीवर ती बसलीच. म्हणाली, तू एवढं सगळं खायचीस इथे, मला कधी बोलली नाहीस. मी म्हटलं, अगं, तुलाही आवडलं असतं, आपण येऊ शकलो असतो की. तेव्हा तिने अगदी साधेपणाने सांगितलं की लालबागेत एवढी वर्षं काढली, पण तिथल्या एकाही हॉटेलात ती बसलेली नाही. पाहुणे आले की पातेलं घेऊन खाली जायची, रस्सा भरून आणायची, दारातूनच. आत बाप्ये बसायचे. नाशिकला माझ्याबरोबर ती डोसा खाते, थाळी खाते, त्यामुळे हे मला कधी सुचलंच नव्हतं. मी दुपारभर तिला जे दाखवत होते, ते सगळं माझं होतं, आणि लालबागेतलं दादाचं, बाबांचं होतं. तिला तिथल्या दारांच्या फक्त पायऱ्या माहीत होत्या.

संध्याकाळी दादरला परतून पियूष आणि साबुदाणावडा खाल्ला. ते ठिकाण अजून चालू आहे आणि रांग लावण्याच्या लायकीचं आहे. आई चवीने खात होती. मला वड्याची चव लागत नव्हती. मी मोबाइलवर दादाला उत्तर लिहीत होते आणि पुसत होते. रविवार जवळ येत होता आणि जिथे परत जायचं म्हणत होते ते माझ्या डोळ्यांदेखत नाहीसं होत होतं.

शनिवारी सकाळी हिंदमातापासून चालायला सुरुवात केली. साड्यांची दुकानं अजून आहेत, आणि सकाळी लवकर गेलात तर दुकानदाराला बोलायला वेळ असतो. आईने एक सुती साडी घेतली. परळच्या नाक्यावर आम्ही थांबलो, कारण बाबा जिथे खिळे जुळवणारे कंपोझिटर होते तो छापखाना तिथेच आतल्या बाजूला होता. आता तिथे काचेचं ऑफिस आहे. दाराशी उभ्या सिक्युरिटीवाल्याने हिंदीत विचारलं, किससे मिलना है. आई म्हणाली, कोणाला नाही, आणि पुढे चालू लागली.

लालबागला पोचल्यावर टॉवरकडे न जाता ती समोरच्या जुन्या बिल्डिंगकडे वळली. तळमजल्यावर शेट्टींचा बार होता. पाटीवर दुसरंच भारदस्त नाव होतं, पण अख्खी चाळ त्याला शेट्टींचा बार म्हणायची. बाबा कामावरून सुटले की घरी येण्याआधी तिथे जायचे. फार पीत नसत, झिंगून कधी आले नाहीत, पण रोज जायचे. घरी आले की जेवायचे, पेपर वाचायचे, भिंतीकडे तोंड करून झोपायचे. बाबा म्हणजे न बोलणारा माणूस, हे आमच्या घरात सगळ्यांनी मान्य केलेलं होतं. लहानपणी मला निरोप द्यायला आई त्या दारापर्यंत पाठवायची. स्वतः कधी आली नाही.

बार करोनात बंद पडला तो पडलाच. पण त्या दिवशी शटर अर्धं वर होतं आणि आत खुर्च्या हलवल्याचा आवाज येत होता. मी वाकून पाहिलं. शेट्टीअण्णा स्वतः होते, खूप वाळलेले, कपाळावर चष्मा. मी परबांची मुलगी म्हटल्यावर त्यांनी लगेच ओळखलं. ही बिल्डिंगही पाडायला जाणार होती, म्हणून ते सामान काढत होते. मी दोन शब्द बोलून निघणार होते. तेवढ्यात आई मागून तिच्या माहेरच्या मालवणीत म्हणाली, “माका आतसून बघूचा आसा.”

अण्णांनी शटर पूर्ण वर केलं.

आत बघण्यासारखं खरं तर काही नव्हतं. सनमायकाची टेबलं, बंद फ्रीज, भिंतीत बसवलेला आरसा. कुबट वास येत होता. आई प्रत्येक टेबलापाशी थांबत मागेपर्यंत गेली, मोरीसुद्धा पाहून आली. मग तिने विचारलं, ते कुठे बसायचे? अण्णांनी मधलं टेबल दाखवलं. तिला वाटलं होतं कोपऱ्यातलं असेल. ती म्हणाली, एकटेच बसत असतील ना, त्यांना बोलायची सवय नव्हती.

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. म्हणाले, “परबांना? वहिनी, त्यांना गप्प करायला लागायचं. लोक त्यांना ऐकायला यायचे.”

आई त्या खुर्चीत बसली. काय बोलायचे, तिने विचारलं. अण्णांनी सांगितलं की गावच्या गोष्टी. म्हशीची गोष्ट तर गिऱ्हाइकं पुन्हा पुन्हा मागायची. आई म्हणाली, सांगा बघू. आणि अण्णांनी, हातात खुर्च्या पुसायचं फडकं तसंच ठेवून, ती सांगितली. परबांनी खाडीपलीकडच्या गावातून म्हैस विकत घेतली. होडीत घालून आणत होते. अर्ध्या वाटेत म्हशीला जुना गोठा आठवला आणि तिने पाण्यात उडी मारली. दोरी परबांच्या मनगटाला गुंडाळलेली, तेही मागोमाग पाण्यात. मग त्यांनी पोहत जाऊन म्हशीच्या पाठीवर मांड ठोकली आणि तिला वळवून राजासारखे आपल्या गावच्या धक्क्याला लागले.

सुरुवातीला आई हसत होती. हळूहळू तिचं हसू थांबलं.

“ती गजाल माझी,” ती म्हणाली.

अण्णांना कळलं नाही. मलाही कळायला वेळ लागला. बाबांचा जन्म लालबागेतला. खाडी त्यांनी लग्नानंतर सासुरवाडीला पाहिली आणि पोहायला ते कधीच शिकले नाहीत. म्हैस आणली होती आईच्या आबाकाकांनी. लग्न झाल्यावर पहिल्या वर्षात, रात्री भांडी घासून झाली की आई माहेरच्या अशा गोष्टी, गजाली, त्यांना सांगायची. ते भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. हूं सुद्धा म्हणायचे नाहीत. त्यांना झोप लागते असं समजून पुढे तिने सांगणं सोडून दिलं.

अण्णा शरमल्यासारखे झाले, जणू चोरी त्यांच्याच दुकानात झाली होती. पण आई त्यांना म्हणाली, शेवट चुकीचा सांगितलात, आता खरा ऐका. आबाकाका कसले वळवतात, म्हशीनेच त्यांना ओढत पलीकडच्या काठाला परत नेलं. मधल्या मध्ये धोतर गेलं वाहून. ते गळ्याइतक्या पाण्यात उभे, बाहेर यायचे नाहीत. शेवटी म्हशीच्या जुन्या मालकाच्या बायकोने काठावरून लुगडं फेकलं. ते नेसून आबाकाका संध्याकाळच्या होडीने घरी आले. काकू दारात उभी होती. तिने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “बाय, तू खयच्या गावची गो?”

अण्णा इतके हसले की त्यांना बसावं लागलं. आईचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. तिने हात उंचावून लुगडं फेकून दाखवलं, थांबायचं तिथे थांबली. मग अण्णा एकेक गोष्ट आठवून विचारू लागले. देवळातल्या घंटेची? ती तिची. माडावर अडकलेल्या न्हाव्याची? तीही तिचीच. फक्त एक तिची नव्हती. छापखान्यात लग्नपत्रिका जुळवताना एका कंपोझिटरकडून नवरदेवाच्या जागी स्वतःचं नाव पडतं, अशी ती होती. ती तिने दोनदा सांगायला लावली.

बाहेर आल्यावर ती भराभर चालायला लागली. मला वाटलं ती खूश असेल. फ्लायओव्हरखाली आल्यावर ती थांबली आणि मला म्हणाली, “घरी बोलायला काय झालेलं त्यांना?” तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते रागाचं होतं. मी कालपासून ज्या बंद दारांसाठी हळहळत होते, त्यांतल्या एका दाराआड आमच्या घरातलं अर्धं बोलणं खर्च झालं होतं, आणि तरीही ते दार गेलं याचं मला वाईटच वाटत होतं. दोन्ही एकदम वाटत होतं.

नंतर टॉवरमध्ये गेलो. लिफ्ट, रंगाचा वास, रिकाम्या खोल्या. खिडकीतून पूर्वेला रे रोडच्या बाजूची गोदामं आणि त्यापलीकडे पाण्याची एक फिकट पट्टी दिसते. आईने नळ सोडून पाहिले, किल्ली पदराला बांधली. परतीच्या बसमध्ये घाट संपेपर्यंत ती जागी होती. मी मनात दादाला हो म्हणून टाकलं होतं. आता तिथे राहायला जाण्यात काय अर्थ उरला होता?

रविवारी सकाळी दादाचा फोन आला तो आईने घेतला. घर भाड्याने द्यायचं नाही, तिने सांगितलं, मी राहणार आहे. दादा चिडला, एकटी कशी राहशील, तुझ्या ओळखीचं तिथे आता उरलंय काय? ती म्हणाली, ओळखीचं नसू दे. एवढी वर्षं राहून मी आतून काहीच बघितलं नाही. जे उघडं आहे ते बंद व्हायच्या आत बघते.

पावसाळा संपल्यावर ती लालबागला राहायला गेली. शेजारी आमच्याच जुन्या चाळीतल्या मालतीकाकू आहेत, म्हणून दादाही शेवटी तयार झाला. मी अजून नाशिकलाच आहे. नोकरी सोडायचा अर्ज लिहिते आणि तसाच ठेवते. घर फार शांत झालंय आणि मला एका जागी बसवत नाही. कोणी लालबाग-गिरगावला फिरायला जाणार असेल तर मी आता बंद पडलेल्या हॉटेलांबद्दल फारसं सांगत नाही. सकाळी जा, भुकेले जा, आणि बरोबर घरातल्या अशा कोणाला तरी न्या जिला तिथे कधी कोणी नेलं नाही, एवढं सांगते.

परवा आईचा फोन आला. परळच्या एका हॉटेलात ती एकटी जेवायला गेली होती. वेटरने विचारलं, अजून कोण येणार आहे का? ती म्हणाली, नाही, मी एकटीच. मी विचारलं, काय खाल्लंस?

“सुरमई,” ती म्हणाली. “ता ऱ्हवांदे. बाजूच्या टेबलावर कोण होतो, ता ऐक आधी.”