सोपाऱ्याची वीट

गेल्या हिवाळ्यात आईला सोपाऱ्याचा स्तूप दाखवायला नेलं. एकेकाळी जिथे परदेशी जहाजं लागत, त्या बंदराच्या जागी आता इमारतींची दाटी आहे. त्या दाटीत झाडांच्या आडोशाला विटांचा तो उंचवटा. आई चपला काढून त्याच्याभोवती फिरली, नमस्काराला वाकली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली. मी लांबून फोटो काढत होते. मन भरून आलं असेल तिचं, असं वाटलं.

धायरीला परतल्यावर दुसऱ्या दिवशी घरातल्या बुद्धमूर्तीशेजारी विटेचा तुकडा दिसला.

"आई, हा स्तूपाचा?"

"पडलेलाच होता गं. पायदळी जाण्यापेक्षा इथे बरा."

"असं आणायचं नसतं. गुन्हा आहे तो."

"तू नको शिकवूस मला," म्हणत तिने तुकड्यापुढे फूल ठेवलं.

त्यानंतर घरी कुणी आलं, की तुकडा दिसू नये म्हणून मी मूर्तीच्या कोपऱ्यासमोर जाऊन उभी राहायचे. चोरी माझीच असल्यासारखी.

रविवारी बुद्धवंदनेला शेजारच्या बायका आल्या. तुकडा कुठला ते कळल्यावर एकेकीने तो हातात घेऊन कपाळाला लावला. एक काकू म्हणाल्या, "आपण तिथे जायला एक बसच करू या. प्रत्येकीने एकेक आणायचा. तुम्ही कुठून काढलात तेवढं दाखवा आम्हाला."

'काढलात' ऐकून आईचा चेहरा उतरला. मला तर मान वर करवेना.

बायका गेल्यावर आई तिथेच बसून राहिली. "बसभर बायका गेल्या तर तिथे उरेल काय गं?" मग तुकडा उचलून म्हणाली, "परत देऊन येऊ. एकटीला लाज वाटते, तू चल."

आम्ही पुन्हा गेलो. तिथल्या रखवालदाराला तिने स्वतःच सांगितलं, "ही वीट मी नेली होती. चुकलं माझं."

"कुठली होती?" त्याने विचारलं.

आई दोनदा स्तूपाभोवती फिरली, पण जागा सापडेना. अखेर त्याने, साहेबांना विचारतो म्हणत, तुकडा चौकीच्या खिडकीत ठेवला. आई तिथून हलायला तयार नव्हती. मी तिचा हात धरून तिला बाहेर आणलं.

पुढच्या रविवारी तिने बायकांना सगळं सांगितलं. "एवढं काय त्यात!" काकू म्हणाल्या. सहल बारगळली. त्या काकू आणि आणखी एक बाई त्यानंतर आमच्याकडे वंदनेला आल्या नाहीत.