उलटी गाठ

परीक्षा मंडळाच्या कचेरीत जिन्याच्या मागे एक लांबट खोली होती. तिला गजांची एकच खिडकी आणि दाराला दोन कुलपं. या मोहरखोलीत लाखबाई सव्वीस वर्षं बसत आली होती. हजेरीपटावर ती शिपाई होती, पण तिला पाणी आण म्हणायची कुणाची छाती नव्हती. प्रश्नपत्रिकांची कापडी पाकिटं दोऱ्यानं बांधायची, गाठीवर लाख वितळवून ओतायची आणि तिच्यावर मंडळाचा पितळी शिक्का उमटवायचा, हे तिचं काम. लाख पुरेशी तापली की नाही हे ती वासावरून सांगायची. शिक्का आधी ओल्या फडक्यावर टेकवायचा, मग लाखेवर दाबून मनात सात आकडे मोजायचे आणि सरळ वर उचलायचा. साताच्या जागी पाच मोजणाऱ्या माणसाशी ती दिवसभर बोलत नसे.

शेवटी पाकिटावर एक छापील पट्टी डकवायची. पट्टीवर इंग्रजीत एक ओळ आणि खाली दोन सह्यांची जागा. परीक्षेच्या दिवशी वर्गातल्या दोघा उमेदवारांनी तिथं सही केल्याशिवाय पाकीट फोडायचं नाही, असा मंडळाचा रिवाज होता. लाखबाईनं अशा किती पट्ट्या डकवल्या याला गणती नाही. त्यावर काय लिहिलंय ते मात्र तिला वाचता येत नव्हतं. येणार कसं? शाळेच्या शेवटच्या परीक्षेत बाई इंग्रजीतच आपटली होती. बाकी सगळे विषय पास आणि इंग्रजीत अठ्ठावीस. मग लग्न, दोन मुली, नवऱ्याचं दुखणं, त्याच्या माघारी त्याच्या जागी मिळालेली ही नोकरी. या सगळ्यात ते अठ्ठावीस तसेच राहून गेले आणि दातात अडकलेल्या तुसासारखे टोचत राहिले.

गेल्या वर्षी मोहरखोलीचे कारकून निवृत्त झाले. काम सगळं लाखबाई करायची आणि कारकून सह्या ठोकायचे, पण निरोपाच्या भाषणात 'यांच्या हातची मोहर' असं साहेब कारकुनांना उद्देशून म्हणाले. तेव्हा ती चहाचा कप हातात धरून नुसती बघत राहिली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला बोलावलं. माणूस वाईट नव्हता.

"बाई, ती खुर्ची खरं तर तुमचीच. पण शाळेची शेवटची परीक्षा पास पाहिजे, आणि तीसुद्धा वयाची पंचावन्न पूर्ण व्हायच्या आत. त्यानंतर बढती नाही. तिथं माझे हात बांधलेले आहेत."

परीक्षा वर्षातून एकदा. निकाल पाच आठवड्यांनी. आणि पुढच्या परीक्षेचा निकाल लागला की बरोबर आठ दिवसांनी लाखबाईला पंचावन्न पूर्ण होणार होती. म्हणजे संधी एकच. तिनं त्याच दुपारी बाहेरून बसायचा अर्ज भरला.

घरी तिची थोरली नणंद राहायची. तिचा सगळा जन्म शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेला होता आणि निवृत्तीनंतरही आवाज खाली आला नव्हता.

"वन्सं, मला इंग्रजी शिकवा."

"या वयात?"

"तुमच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आहे मी."

वन्संनी व्याकरणाचं पुस्तक काढलं. तीन दिवस झाले तरी एक अक्षर डोक्यात शिरेना. चौथ्या दिवशी लाखबाईनं पुस्तक मिटलं आणि शब्दकोश पुढं ओढला.

"मला एक शब्द येतो. सील. तिथून सुरू करू."

"वहिनी, एका शब्दानं का कधी भाषा येते?"

"मला टोक सापडलं की सगळं उकलता येतं. मधूनच नाही जमत."

वन्संनी कपाळाला हात लावला, पण पान उघडलं. त्या एका शब्दानं तिथं दीड रकाना अडवला होता. दोघी रोज संध्याकाळी त्या रकान्यात शिरत आणि स्वयंपाकाची वेळ झाली की बाहेर पडत. सील ऑफ अप्रूव्हल म्हणजे पसंतीची मोहर. सील द डील म्हणजे सौदा पक्का करणं. रस्ता सील ऑफ केला म्हणजे पोलिसांनी नाकाबंदी केली. हिज फेट इज सील्ड, म्हणजे याच्या नशिबावर लाख ओतली, आता काही बदलायचं नाही.

"काही बदलायचं नाही असं कसं?" लाखबाई म्हणाली. "पातं तापवून घातलं की कसलीही लाख निघते. परत चिकटवताही येते. फक्त खूण राहते."

"अगं, ती म्हणायची पद्धत आहे."

"ज्यानं काढली ती पद्धत, त्यानं कधी लाख बघितली नाही."

माय लिप्स आर सील्ड हे ऐकून तर तिनं स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं आणि चटका बसल्यासारखं उचललं. गप्प बसायला एवढा जाच कशाला, असं तिचं म्हणणं पडलं. रकान्याच्या तळाशी समुद्रातला एक प्राणी निघाला.

"हा कुठून घुसला?"

"तो निराळा शब्द. दिसायला सारखा. गोलमटोल असतो, मिशा असतात, दिवसभर उन्हात पडून असतो."

"म्हणजे आमचे जुने कारकून," लाखबाई म्हणाली. वन्सं इतक्या हसल्या की त्या दिवशीची शिकवणी तिथंच संपली.

पण गंमत बाजूला ठेवली तर बाईनं त्या शब्दाची पाठ सोडली नाही. आय सील, आय सील्ड, आय हॅव सील्ड, असं करत करत ती सगळे काळ शिकली. ज्या क्रियापदाचं घोडं अडायचं, त्याला ती सीलच्या शेजारी बसवायची आणि मग ते वठणीवर यायचं. वन्सं एरवी कुणाला शाबासकी देणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनीही एकदा "बरं आहे" असं म्हणून टाकलं.

एका संध्याकाळी लाखबाईनं पट्टीवरची ओळ कागदावर उतरवून आणली. एकेका अक्षरावर बोट ठेवत तिनं ती वाचली. वी हॅव सीन द सील इंटॅक्ट.

"आम्ही सील पाहिलं आहे आणि ते शाबूत आहे," वन्संनी अर्थ सांगितला.

लाखबाईनं ती ओळ बोटानं पुन्हा एकदा वाचली.

"मला वाटायचं, पाकीट पोचल्याची पावती असेल. पोरं साक्षीला सही करतात होय? कुणी बघतं तरी का सही करताना?"

"कोण बघतंय! पेपरची धास्ती असते प्रत्येकाला."

परीक्षेला महिना राहिला तेव्हा प्रश्नपत्रिका छापून मोहरखोलीत यायच्या झाल्या आणि लाखबाई साहेबांपुढं जाऊन उभी राहिली. "मला या कामातून मोकळं करा. मी उमेदवार आहे. त्या कागदांच्या खोलीत मी बसणं बरं नाही."

"अहो, तुमच्यावर कोण संशय घेणार आहे?"

"कुणी घेतला नाही तरी मी तिथं बसणार नाही."

तेव्हा ते काम स्टोअरकीपरच्या गळ्यात पडलं. तो तिच्याच वयाचा, कुरकुऱ्या आणि डावखुरा. खोलीत कागद यायच्या आधी तीन दिवस लाखबाईनं त्याला रिकाम्या पाकिटांवर शिकवलं. लाख जमली, शिक्का जमला, सात आकडेही जमले, पण गाठ काही जमेना. दोऱ्याचं वरचं टोक उजवीकडं यायला हवं, याचं दर वेळी डावीकडं. शंभर वेळा बांधून घेतली. शंभरही उलट्या.

"बाई, हात कापून देऊ का आता?" तो शेवटी वैतागला.

"राहू द्या. घट्ट आहे ना? मग बांधा उलटी. यंदा सगळ्या गाठी तुमच्या हातच्या, उलट्या तर उलट्या."

परीक्षेच्या दिवशी लाखबाई धुतलेली सुती साडी नेसून, दोन पेनं घेऊन, घरापासून तीन रस्ते पलीकडच्या शाळेत गेली. बाक सातवीच्या पोरांच्या मापाचे होते, गुडघे आत जाईनात. नंबर पहिल्या बाकावर आला. वर्गात तीसेक जण होते. कुणी एकदा नापास झालेला, कुणी चारदा. शेजारी एक गवंडी बसला होता, त्याच्या नखांत अजून सिमेंट होतं.

केंद्रप्रमुख पाकीट घेऊन आले. गवंड्यानं सही केली. पाकीट तिच्यापुढं आलं.

"मावशी, इथं सही करा पटकन."

लाखबाईनं पाकीट उचललं. तिच्याकडून ते सवयीनंच उचललं गेलं. लाख नेहमीपेक्षा काळपट होती आणि कडेला बारीक फोड आले होते. शिकाऊ हाताचं काम, लाख जास्त तापवली असेल, असं तिनं मनाशी म्हटलं. म्हणावंसंच वाटत होतं तिला. मग तिची नजर दोऱ्यावर गेली. लाखेतून बाहेर आलेलं वरचं टोक उजवीकडं होतं.

तिनं पाकीट फिरवून पाहिलं. पुन्हा सरळ केलं. टोक उजवीकडंच.

ही गाठ स्टोअरकीपरची नव्हती. कुणीतरी पाकीट फोडून पुन्हा बांधलं होतं. आणि हे तिनं बोलून दाखवलं तर आज परीक्षा होणार नाही. आज परीक्षा झाली नाही तर टेबल नाही, खुर्ची नाही, मोहरखोलीच्या किल्ल्यांचा जुडगा नाही. पेन हातात होतं, सहीची जागा समोर होती आणि उलट्या गाठीची गोष्ट जगात फक्त दोघांना ठाऊक होती.

"मावशी, वेळ होतोय."

"मी सही करणार नाही. हे पाकीट फोडलेलं आहे."

वर्गात गलका झाला. मागून कुणीतरी ओरडलं, "अहो बाई, आम्ही कामावर खाडा करून आलोय!" तो ओरडणारा चुकीचं बोलत नव्हता, आणि त्याचंच तिला सगळ्यात वाईट वाटलं. केंद्रप्रमुख खाली वाकले आणि आवाज बारीक करून म्हणाले, "तुमचं काय जातंय? सही करा आणि गप्प बसा. दुसरं कुणीही करेल सही."

गप्प बसण्याला इंग्रजीत काय म्हणतात ते लाखबाईला आता पाठ होतं. ती उभी राहिली आणि तिनं लाखेनं भाजलेल्या बोटांचा पंजा पाकिटावर ठेवला.

"माझं काय जातंय ते मला विचारू नका. मंडळात फोन लावा. तोवर हे कुणी फोडायचं नाही."

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, पण फोन लागला. साहेबांनी तिलाच फोनवर घेतलं. "बाई, नक्की ना? विचार करून सांगा. तुम्हाला ठाऊक आहे..."

"ठाऊक आहे. स्टोअरकीपरना विचारा, यंदा एक तरी गाठ सरळ आली का."

फोनच्या पलीकडं स्टोअरकीपरचा कुरकुरता आवाज तिला इथवर ऐकू आला. "सरळ? मेलो तरी येणार नाही."

परीक्षा सगळीकडची रद्द झाली. चौकशीत त्या शाळेतला एक माणूस सापडला. त्यानं आदल्या दिवशी तापल्या पात्यानं लाख अख्खी उचलून पेपर बाहेर पोचवला होता आणि गाठ मारून लाख परत चिकटवली होती. फेरपरीक्षेची तारीख दीड महिन्यानंतरची पडली. त्या संध्याकाळी लाखबाई घरी येऊन पाय न धुताच बसली. वन्संनी सगळं ऐकून घेतलं आणि तिच्यापुढं चहा ठेवला. चहा निवला तेव्हा लाखबाई रडली. चांगलं भरभरून रडली. मग तिनं तोंड धुतलं आणि शब्दकोश पुढं घेतला.

"आता कशाला?" वन्संना राहवलं नाही.

"अठ्ठावीस अजून तसेच आहेत."

चार दिवसांनी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. नव्या प्रश्नपत्रिका यायच्या होत्या.

"बाई, या वेळी मोहर तुम्हीच करा. वरून सांगून आलंय, तुमचाच हात हवा म्हणून."

"मी उमेदवार आहे, साहेब."

साहेब जरा घुटमळले. "पण निकाल लागेपर्यंत तुमचं पंचावन्न उलटून गेलेलं असेल. ती जागा आता... मी वर विचारून पाहिलं. नियम वाकवता येत नाही म्हणाले."

"मग मी तरी कशाला वाकवू?" लाखबाई म्हणाली आणि उठली. दारात थांबून तिनं एवढंच विचारलं, "स्टोअरकीपरना लाख थोडी कमी तापवायला सांगाल का?"

फेरपरीक्षेला तोच वर्ग मिळाला, तोच अडचणीचा बाक. केंद्रप्रमुख नवे होते, शेजारी गवंडी जुनाच. त्यानं तिला पाहून नमस्कार केला आणि या खेपेला पाकीट आधी तिच्याकडं सरकवलं.

लाखबाईनं लाख पाहिली. दोऱ्याचं वरचं टोक पाहिलं. डावीकडं, अगदी ठसठशीत डावीकडं. तिला हसू फुटलं. मग पट्टीवरच्या पहिल्या शब्दावर तिनं बोट टेकवलं.

"मावशी, करा ना सही," केंद्रप्रमुख घड्याळाकडं बघत म्हणाले.

"थांबा," लाखबाई म्हणाली. "वाचतेय."