आपाच्या वाट्याचा पाळणा

बारा जून. नातवाची दुपटी वाळत घालताना, जिच्यामुळं माझं काम टिकलं ती आपा आठवली. वाळूजच्या आमच्या कारखान्यात पाळणाघर होतं, पण फक्त कायम कामगारांच्या मुलांसाठी. मी कंत्राटावर होते, लेक सहा महिन्यांची आणि घरी सांभाळायला कोणी नाही. काम सोडते म्हणाले, तेव्हा शेजारच्या मशीनवरची ही कायम नोकरीतली आपा म्हणाली, "माझी पोरगी खुलताबादला सासूजवळ असती. तिचा पाळणा रिकामाच हाय. तुझी दे माझ्याकडं." "अन् ओळखलं तर?" "नाक बघ तिचं, माझ्यासारखंच चपटं हाय. कोण इचारतंय?" दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाबाहेर मी लेक तिच्या कडेवर दिली आणि कंत्राटी बायकांच्या रांगेत जाऊन उभी राहिले.