पूजेची हवा

"तुम्ही फक्त एवढंच लिहा, की टायरमध्ये हवा कमी होती," साखर कारखान्याचे कार्यकारी संचालक म्हणाले. "बाकीचं आम्ही बघून घेतो."

"मी अजून गाडी पाहिलेली नाही."

"पाहून काय वेगळं दिसणार? घोरपडेसाहेब स्वतः गाडीत होते. त्यांनी जबाब दिलाय."

मी अपघातग्रस्त वाहनांचा सर्व्हेअर आहे. विमा कंपनीच्या वतीने वाहन तपासून नुकसान किती आणि कशामुळे झाले हे लिहून देणे, हा माझा व्यवसाय. पाहण्यापूर्वी लिहून देणे हा माझा व्यवसाय नव्हे. हे मी त्यांना तोंडी सांगितले आणि संध्याकाळी लेखीही कळवले; कारण कोल्हापुरात तोंडी सांगितलेले चहाबरोबर संपते.

प्रकरण आमच्या जिल्ह्यातील एका सहकारी साखर कारखान्याच्या जीपचे होते. चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी, चिखलात आणि डोंगरात चालणारी ही गाडी. शेतकी अधिकारी घोरपडे तिच्यातून उसाचे प्लॉट पाहायला जात. खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी शाहूवाडीच्या बाजूला, तांबड्या मातीच्या ओल्या चढणीवर ती आडवी घसरली, खालच्या भातखाचरात गेली आणि कुशीवर पडली. घोरपड्यांचे गळपट्टीचे हाड मोडले. चालक दस्तगीर मुल्लाचे खरचटण्यावर निभावले.

घोरपड्यांचा जबाब स्पष्ट होता. "मी मना केलेले असतानाही चालकाने चढणीच्या पायथ्याशी चारही टायरमधील हवा सोडली. त्यामुळे गाडीवरील ताबा सुटला." या दोन वाक्यांवर दस्तगीरला निलंबित करून आरोपपत्र देण्यात आले. ते सिद्ध झाले असते तर नोकरी जाणार होती, आणि असा शेरा घेऊन बाहेर पडलेल्या चालकाच्या हाती जिल्ह्यातील कोणत्याही कारखान्याने स्टेअरिंग दिले नसते.

येथे हवेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. टायरमधील हवेचा दाब आपल्याकडे पौंडात बोलतात. किती पौंड भरावी हे गाडी बनवणाऱ्याने चालकाच्या दाराच्या चौकटीवर पट्टी लावून लिहिलेले असते. ती पट्टी वाचलेला वाहनमालक मला क्वचितच भेटला आहे. पक्क्या रस्त्यावर पट्टीवरचा दाब ठेवावा. चिखलात तो तात्पुरता कमी करावा, म्हणजे टायर पसरतो, जमिनीला अधिक टेकतो आणि त्याच्या खाचांत बसलेला चिखल दबून बाहेर पडतो. डांबरी रस्त्यावर परतताच हवा पुन्हा भरावी. न भरल्यास टायर तापतो आणि फाटतो. म्हणजे पायथ्याशी हवा सोडणे हा गुन्हा नाही. योग्य प्रमाणात सोडली असेल तर ती दक्षता आहे. आरोपपत्र लिहिणाऱ्याला हे ठाऊक नव्हते आणि ठाऊक करून घेण्याची त्याला गरजही वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, मी कारखान्याच्या यार्डात गेलो. टायर तापला की आतली हवा फुगते आणि दाब जास्त दिसतो, म्हणून मोजमाप थंड टायरवरच करायचे. गेज माझा स्वतःचा, प्रमाणित केलेला. पेट्रोल पंपांवरील गेजविषयी माझा संबंधित विभागाशी दीर्घ पत्रव्यवहार चालू आहे. त्यातील माझी बाजू पूर्ण झाली आहे. उत्तरे यायची आहेत.

जीप उभी करून ठेवलेली होती. डावी बाजू चेपलेली, टायर मात्र चारही शाबूत. त्यांच्या खाचा तांबड्या मातीने लिंपल्यासारख्या भरल्या होत्या. जमिनीला टेकल्याची खूण फक्त मधल्या पट्ट्यावर होती. मऊ टायरची खूण कडेपर्यंत जाते.

वर्कशॉपचे फोरमन मगदूम पाण्याची बादली घेऊन आले. मी पुढच्या चाकाच्या व्हॉल्व्हवरची माती धुतली आणि थांबलो. व्हॉल्व्ह म्हणजे हवा भरायची नळी. तिच्या टोपणावर शेंदराचा जाड थर होता.

"हे काय आहे?"

"शेंदूर. तेलात कालवलेला," मगदूम म्हणाले. "खंडेनवमीला गाड्या धुवायच्या, हवा भरायची, टोपण लावायचं आन् वर शेंदराचं बोट वडायचं. आमची पद्धत हाय."

तो थर टोपणावरून खाली नळीपर्यंत अखंड उतरला होता आणि वाळून कडक झाला होता. टोपण एकदा जरी फिरवले असते तरी सांध्यावर तडा गेला असता. मी चारही चाके धुतली. चारही थर अखंड. मी छायाचित्रे घेतली, मगदुमांची साक्षीदार म्हणून सही घेतली, मग टोपणे काढली आणि गेज लावला. पट्टीवर अठ्ठावीस पौंड लिहिलेले होते. टायरमध्ये अठ्ठेचाळीस होते.

"मगदूम, जीपमध्ये एवढी हवा कोणी भरली?"

"मीच की. उसाच्या ट्रॉल्यांस्नी भरतो तशी, कडक."

"जीप म्हणजे ट्रॉली आहे का?"

"न्हाय. पर चेअरमनसाहेब टॉमी मारत्यात न्हवं."

टॉमी म्हणजे चाक खोलताना वापरायची लोखंडी कांब. पूजा झाली की चेअरमन रांगेतील प्रत्येक गाडीच्या टायरवर टॉमीचा एक ठोका मारतात आणि सगळे कान देऊन ऐकतात. टण्ण वाजले तर वर्ष चांगले.

"गेल्या साली ही जीप ढब्ब वाजली," मगदूम म्हणाले. "समदी हसली. ट्रॉलीवाली मला म्हंत्यात, मगदूम, जीप उपाशी हाय वाटतं."

मी दस्तगीरला यार्डाच्या फाटकावर बोलावून घेतले होते. पन्नाशीचा, अंगाने दणकट, कमी बोलणारा माणूस.

"हवा सोडलीत?"

"न्हाय साहेब."

"नेहमी सोडता?"

"व्हय. चढणीला लागायच्या आधी सोडतो, माघारी आलो की पंपानं भरतो. त्या दिवशी सोडाय म्हणून खाली उतरलो हुतो. साहेबांनी नको म्हटलं."

"का?"

त्याने टाचेने खडी सारखी केली. "ते त्यास्नीच इचारा."

"तुमची नोकरी जाते आहे, मुल्ला."

"जाऊ दे साहेब. ते माझ्या तोंडून निघायचं न्हाय."

मला अशा मौनाचा संताप येतो. कायद्यात मौनाचा अर्थ नेहमी दुसराच कोणीतरी लावतो. तो संताप मी व्यक्त केला नाही. अहवालात लिहिले: अपघाताचे कारण टायरमधील अतिरिक्त दाब, हवा कारखान्याच्याच वर्कशॉपमध्ये भरलेली, अपघातापूर्वी सोडलेली नाही.

कार्यकारी संचालकांचा फोन आला. "असं लिहिलं तर क्लेम अडकेल हो. 'रस्ता निसरडा' म्हणा की."

"रस्ता निसरडा होताच. तेही लिहिले आहे. खालच्या ओळीत."

चौकशीत मला साक्षीला बोलावले. कार्यकारी संचालक मधोमध, एका बाजूला हात गळ्यात बांधलेले घोरपडे, दुसऱ्या बाजूला दस्तगीर. मी छायाचित्रे टेबलावर मांडली आणि शेंदराचा अर्थ समजावला. घोरपड्यांनी ती बराच वेळ पाहिली.

"सोडली नसंल," ते म्हणाले. "पर सोडाय निघालाच हुता की."

"जबाबात 'सोडली' असे लिहिले आहे. सोडायला निघणे आणि सोडणे यांत तुमच्या हाडाएवढे अंतर आहे."

"दवाखान्यात लिहून घेतला जबाब. मला काय सुधरत हुतं?"

"सुधरू लागल्यावर दुरुस्त करता आला असता. ते खाली उतरले तेव्हा आपण त्यांना काय म्हणालात?"

घोरपडे खिडकीकडे बघू लागले. कार्यकारी संचालक म्हणाले, "सांगा घोरपडे."

"म्हटलं, कालच पूजा झालीया. पूजेची हवा सोडतोस व्हय?"

खोलीत कोणी हसले नाही. शेंदूर लावलेले टोपण दुसऱ्याच दिवशी उघडायचे हे त्या खोलीतील कोणालाच रुचले नसते, असा माझा अंदाज आहे.

कार्यकारी संचालक दस्तगीरकडे वळले. "मग हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"कसं सांगू साहेब? मी मुल्ला. गाडीला हार मीच घातला हुता, दर साली घालतो. पूजेच्या हवेनं गाडी पडली असं मी म्हटलं असतं, तर उद्या कुणी मला हार घालू दिला असता का?"

घोरपड्यांनी मान खाली घातली. "आरं, मला तरी सांगायचं," ते म्हणाले.

"तुमास्नी म्हाईत हुतं की साहेब."

आठवड्याभरात आदेश निघाला: संशयाचा फायदा देऊन चालकास कामावर घेण्यात येत आहे. मी तो वाचला आणि लगेच पत्र लिहायला बसलो. संशयाचा फायदा जेथे संशय असतो तेथे देतात. येथे चार टोपणे होती, चारही बंद. कारखान्याने उत्तर दिले नाही. मी स्मरणपत्र पाठवले, मग त्याचेही स्मरणपत्र, आणि त्याची प्रत साखर विभागाच्या प्रादेशिक कार्यालयास. "एवढं काय ओ त्यात, माणूस कामावर आला की," असे कार्यकारी संचालक फोनवर म्हणाले. माणूस कामावर आला होता. शेरा त्याच्या सेवापुस्तकात बसला होता. अखेर सुधारित आदेश आला: आरोप निराधार. क्लेम बरेच दिवस रखडला आणि कपात करून मंजूर झाला. ती कपात योग्य होती.

पुढच्या खंडेनवमीला मला आमंत्रण आले. ठोके बंद झाले असतील अशी माझी अपेक्षा होती. झाले नव्हते. दस्तगीरने जीपला हार घातला, चेअरमननी टॉमी मारली, जीप टण्ण वाजली आणि टाळ्या पडल्या. मी खिशातील पेन काढले.

"थांबा साहेब," मगदूम म्हणाले. "अजून उत्तरपूजा हाय."

गणपती विसर्जनाला नेण्यापूर्वी जी उत्तरपूजा करतात, तीच त्यांनी जीपच्या हवेला लावली होती. मगदुमांनी चारही चाकांवर अक्षता टाकल्या. दस्तगीर खाली बसला, टोपणे काढली आणि हवा फुसफुसत बाहेर पडू लागली. घोरपडे शेजारी वाकून गेज वाचत होते.

"अजून सोड. अजून. हां, अठ्ठावीस. बास."

या पद्धतीला कायद्यात आधार नाही. तिच्याविरुद्धही काही नाही. मी शोधून पाहिले. पेन पुन्हा खिशात ठेवले.

वाचकांनी यातून एवढेच घ्यावे: हवा सकाळी, थंड टायरमध्ये, गेजने मोजावी आणि दारावरची पट्टी वाचावी. आवाजच ऐकायचा असेल तर हलगी बोलवावी.