पोट्टीचे तीन टक्के

आमच्या हिंदी मुलखातल्या बालाघाटात कोणाच्या घरचं पोट्टं बारावीले गेलं की त्याचे मायबाप मार्कशीट घेऊन माझ्याकडं येतात. मी जन्मभर सरकारी शाळेत गणित शिकवलं. रिटायर झाल्यावर डोकं कुठं लावावं, तर मोबाइलवर मोठमोठ्या युनिव्हर्सिट्यांच्या ॲडमिशनचे व्हिडिओ पाहाले लागली, अन् पाहता पाहता चान्स सांगणारी बाई होऊन बसली. मार्क पाहाचे, पोट्ट्याले दोन आडवे प्रश्न विचाराचे, अन् टक्का सांगाचा. याचे चाळीस. त्याचे दहा. अन् याले घरीच ठेवा बापा. लोक रागावतात, पण पुन्हा येतात. वरून चहाही माझाच पितात.

माझ्या बहिणीची पोरगी सहावीपासून माझ्याजवळ राहते. तिचे मायबाप मलाजखंडले, तांब्याच्या खाणीच्या टाउनशिपमध्ये. इथं घरात आम्ही दोघीच. एक दिवस सकाळी पोहे खाता खाता तिनं सांगतलं की तिले दिल्लीकडच्या एका युनिव्हर्सिटीत जाचं आहे. अशी युनिव्हर्सिटी, की भल्याभल्या पोट्ट्याईले दारातूनच परत पाठवते.

"मावशी, माझे चान्स सांग."

मी चष्मा लावला. दहावीचे मार्क पाहिले, अकरावीचे पाहिले. म्हटलं, "तीन टक्के."

"तीन? शेजारच्या पोट्ट्याले तू चाळीस दिले! त्याले पाढे येत नाहीत!"

"त्याचं अक्षर चांगलं आहे."

"फॉर्म कम्प्युटरवर भराचा आहे, मावशी."

"मग तुझे अडीच." माझं असंच आहे. कोणी वाद घातला की टक्का उतरते.

पण पोट्टीजवळ एक दमदार गोष्ट होती. वर्षभर दर रविवारी ती सायकलनं भरवेलीले गेलती. तिथल्या खाणीच्या कॉलनीतल्या हँडपंपाचं पाणी बाटल्यांत भरून आणाचं, कोणत्या महिन्यात किती जड, किती खारं, ते मोजाचं, वहीत लिहाचं. माझ्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या फळ्या बाटल्यांनी भरल्या. एकदा मी चुकून जुलैच्या पाण्यात वरण शिजवलं. पोट्टी दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. वरण काही वाईट झालं नव्हतं.

फॉर्मसोबत शाळेतल्या सरची इंग्रजीत शिफारसीची चिठ्ठी पाहिजे होती. तिचे विज्ञानाचे सर सागर शहराकडचे, अस्सल हिंदी माणूस, पण मोठा भला. मीच त्याईले फोन केला. इथं आपण मराठी-हिंदीची खिचडीच बोलतो, तशीच बोलली. "सर, लिखिए कि लड़की ने पूरा एक साल भरवेली के पानी पे संशोधन किया." सर म्हणाले, "अरे वाह!" अन् दुसऱ्याच दिवशी चिठ्ठी सरळ युनिव्हर्सिटीले पाठवून मोकळे. आम्हाले नक्कल नंतर दाखवली.

नकलेत लिहून होतं की या विद्यार्थिनीनं, वयाच्या सतराव्या वर्षी, एकटीनं, भरवेलीचं पाणी दुरुस्त केलं.

माय वो! आपल्या मराठीत संशोधन म्हणजे शोध घेणं, अभ्यास करणं. हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती. सरकार कायद्यात फेरबदल करते, त्याले इथल्या पेपरात संशोधनच म्हणतात. दोन्ही भाषा रोज तोंडात, अन् मले हे सुचू नये? लावला सरले फोन.

"सर, ये क्या लिख दिया?"

"मॅडम, आपने ही तो कहा. मैं ख़ुद हैरान था कि लड़की ने कभी बताया नहीं."

"हैरान थे, तो पूछना था ना!"

"मुझे लगा, संकोची है."

मी फोन ठेवून दिला. मी पोट्टीले म्हटलं, "अर्धा टक्का."

मग एका दुपारी लॅपटॉपवर तिची मुलाखत झाली. तिकडं एक बाई अन् एक साहेब. इकडं पोट्टी, अन् दाराच्या पडद्यामागं मी. तिसऱ्याच प्रश्नाले त्या बाईनं इंग्रजीत विचारलं, "तुम्ही पाणी दुरुस्त केलं, ते कसं?"

मी पडद्याआडून हात हलवून राह्यली होती. हौ म्हण! तुरटी-बिरटी काहीतरी सांगून दे!

पोट्टीनं माझ्याकडं पाहिलं, मग स्क्रीनकडं पाहिलं. म्हणाली, "नाही मॅडम. मी नुसतं मोजलं. पाणी अजून तसंच आहे." मग तिनं त्या एका शब्दाचे दोन अर्थ समजावून सांगतले. इतक्यावर थांबाचं ना? नाही! म्हणाली, "आत्ता माझी मावशी पडद्यामागून मला खोटं बोलायचा इशारा करते आहे."

दोघंही हसाले लागले. साहेब म्हणाले, मावशीले बोलवा. मी पदर सारखा करत पुढं गेली, नमस्ते केलं, अन् घाबरून तोंडातून निघालं, "पानी सुधर जाएगा सर, बस थोड़ा टाइम दीजिए."

त्यानंतर ते तिले पाण्याचंच विचारत बसले, लय वेळ. मी स्वयंपाकघरात जाऊन डोक्याले हात लावला. मुलाखत संपल्याबरोबर तिथूनच ओरडली, "शून्य!"

महिनाभरानं मी अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. पोट्टी आतून किंचाळतच आली. "झालं! मावशी, झालं माझं!" मी उठली, शेंगा सगळ्या अंगणात. तिले पोटाशी धरलं, तिच्या तोंडात साखर कोंबली, तिच्या मायले फोन लावला. अन् फोनवर बोलता बोलता मले जे रडू फुटलं, ते आवरेचना.

पोट्टी म्हणाली, "आता काहून रडून राह्यली? तुझा हिशेब चुकला म्हणून?"

"चुकला नाही."

"मग?"

"मले पहिल्याच दिवशी माहीत होतं, तुझं होणारच म्हणून. मार्कशीट पाहाचीही गरज नव्हती."

"अन् ते तीन टक्के?"

"म्हटलं, तीन सांगतले तर तू फॉर्मच भरणार नाही." मी पदरानं नाक पुसलं. "मले आता या घरात एकटीले राहता येत नाही वो."