सुखदेवचा नंबर

सुखदेव गेल्याचा फोन आला तेव्हा मी रडलो नाही, चौकशी केली. "कोण बोलून राह्यलं? कुठून बोलून राह्यलं?" पलीकडे त्याचा मुलगा होता, आवाज ओळखीचा होता, तरी मला वाटलं, हा बापाचाच नवा खेळ. चार महिने अबोला धरलेल्या माणसाला घरी बोलावून घ्यायची युक्ती असणार... त्याच्या अंगणात तिरडी बांधताना पाहिली तेव्हा कुठे विश्वास बसला.

मी बसमध्ये तिकीट तपासनीस होतो आणि तो कंडक्टर. संशय हा माझ्या पोटापाण्याचाच भाग. मी निवृत्त झालो, संशय काही झाला नाही. दूधवाला, डॉक्टर, जावई, कुणालाच मी सोडत नसे. सुखदेव म्हणायचा, "साहेब, तुमी त देवाले बी तिकीट दाखव म्हणसान!" इतक्या वर्षांत तो माझ्या तपासणीत एकदाही सापडला नाही, आणि मला नेमका त्याचाच संशय यायचा.

देवळीच्या बसस्थानकावर पासची एक खिडकी कधीची बंद पडली आहे. सकाळी सोबत फिरणाऱ्या आम्हा आठ-दहा म्हाताऱ्यांना सुखदेवनं एका बाजाराच्या दिवशी तिच्यापुढे रांगेत उभं केलं. सगळ्यांत पुढे मी, माझ्या मागे तो. करायचं काहीच नाही, फक्त गंभीर तोंडानं उभं राहायचं. अर्ध्या तासात रांग रस्त्याला लागली. "का भेटून राह्यलं जी इथं?" एका बाईनं विचारलं. "मले काय माईत? पण नंबर सोडू नको," दुसरी म्हणाली. ज्यांना बाजाराची घाई होती त्यांनी आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे पिशवी, दगड, चप्पल रांगेत ठेवून नंबर धरला. मला हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो, आणि सुखदेवला काही सांगायला वळलो तर मागे नुसत्या त्याच्या चपला. तेवढ्यात हवालदार आला. "काका, हे काय लावलं?" पुढे मीच असल्यामुळे उत्तरही मीच द्यायचं होतं. बाया चिडल्या, पोरं खिदळली. मला कळून चुकलं की आयुष्यभराच्या तपासणीचा त्यानं आज सूड उगवला. त्या चपला पिशवीत कोंबून मी मागच्या गल्लीनं घरी आलो. दुसऱ्या दिवशी तो दाराशी आला, दोनदा हाक मारली. मी दार उघडलं नाही. मग फिरायचा रस्ताही बदलला.

तेरवीहून परतल्यावर माझी बायको, प्रमिला, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बोलली. रांगेच्या त्या दिवशी सुखदेव अनवाणी धावत आमच्या घरी आला होता. "वैनी, चाला लवकर! साहेब हासून राह्यले. डोयानं पाह्यल्याशिवाय तुमाले खरं नाई वाटणार!" ते दोघं बसस्थानकावर पोचले तोवर मी निघून गेलो होतो.

"मंग तू मले सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं त तुमी माह्यावर बी शक घेतला असता."

घेतलाच असता. ज्यानं मला हसताना पाहून माझ्या माणसाला बोलवायला धाव घेतली, त्याच्या तोंडावर मी दार लावलं... याची मला लाज वाटते, आणि ती आता कुणापाशी जाऊन सांगायची सोय नाही.

परवा बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेलो. दरवर्षी आम्ही दोघं मिळून जायचो. परतताना त्याच्या घरी द्याव्यात म्हणून त्या चपला पिशवीत घेतल्या होत्या. रांग मोठी होती. थोड्या वेळानं मी त्या काढल्या आणि माझ्या मागे, जोडीनं, नीट ठेवल्या.

एक म्हातारे गृहस्थ आले. "कोणाच्या व्हय ह्या?"

"सुखदेवच्या. येऊनच राह्यला."

चपलांच्या मागे एका माणसापुरती जागा सोडून ते उभे राहिले.